उष्णतेची अडलेली वाट : जुन्या मोटारीचा एसी आणि औद्योगिक पट्ट्यातला उन्हाळा

मोटारीतील वातानुकूलन यंत्रणा, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एसी, थंडावा तयार करत नाही. ती गाडीच्या आतली उष्णता उचलते आणि बाहेरच्या हवेत नेऊन टाकते. जुन्या गाडीच्या दुबळ्या एसीसंबंधीचे बहुतेक गैरसमज आणि त्यातून होणारा बहुतेक वायफळ खर्च हे एवढे एक तत्त्व नजरेआड झाल्यामुळे होतात. थंडावा ही गाडीत भरण्याची वस्तू आहे असे गृहीत धरले की 'गॅस भरून घ्या' हा एकच उपाय सुचतो आणि दर उन्हाळ्यात तोच पुन्हा पुन्हा केला जातो. याउलट एसी म्हणजे उष्णतेची वाहतूक आहे हे ध्यानात घेतले, तर विचारायचा प्रश्न बदलतो : उष्णतेची ही वाट नेमकी कोणत्या ठिकाणी अडली आहे?

हा प्रश्न पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात विशेष निकडीचा आहे. मोटार हे या परिसराचे मुख्य उत्पादन आहे. टाटांच्या पिंपरीच्या कारखान्यातून १९९८ च्या अखेरीस इंडिका ही छोटी मोटार बाजारात आली, २००९ मध्ये फोक्सवागनचा चाकणचा कारखाना सुरू झाला आणि २०११ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ५०० चाकणमध्येच तयार होऊ लागली. चाकणजवळच्या कुरुळीत तर माहले कंपनीचा कारखाना मोटारींच्या शीतन यंत्रणेचे भागच बनवतो. एकेकाळी नव्या कोऱ्या म्हणून या पट्ट्यातून बाहेर पडलेल्या गाड्यांपैकी कितीतरी आज दहा-पंधरा वर्षांच्या होऊन 'एमएच १४' ही पाटी मिरवत याच रस्त्यांवर धावत आहेत, आणि त्यांचे मालक बहुधा याच कारखान्यांतले कामगार, पर्यवेक्षक किंवा लघुउद्योजक आहेत.

अशा गाडीच्या एसीची खरी परीक्षा एप्रिल आणि मे महिन्यांत होते. या काळात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि सकाळच्या पाळीला आलेली गाडी कारखान्याच्या उघड्या वाहनतळावर दुपारपर्यंत उन्हात उभी राहते. काचेतून आत शिरलेला सूर्यप्रकाश आसने आणि डॅशबोर्ड तापवतो, तापलेल्या पृष्ठभागांमुळे आतली हवा तापते आणि बंद काचांमुळे ती बाहेर निसटू शकत नाही. त्यामुळे तास-दीड तासातच आतले तापमान बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी किंवा त्याहूनही अधिक वाढते. पाळी सुटल्यावर हीच गाडी मोशी, चाकणचा तळेगाव चौक किंवा नाशिक फाट्याच्या कोंडीत मुंगीच्या गतीने सरकू लागते, तेव्हा एसीला सर्वांत जास्त उष्णता काढायची असते आणि ती बाहेर टाकण्यासाठी लागणारा वारा मात्र सर्वांत कमी मिळत असतो.

उष्णता बाहेर जाते कशी

माठातले पाणी गार होते ते माठाच्या पृष्ठभागावरील ओलाव्याची वाफ होताना तो आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातो म्हणून. द्रवाचे वायूत रूपांतर होताना जी उष्णता शोषली जाते, तिला शास्त्रीय परिभाषेत अप्रकट उष्मा म्हणतात, आणि मोटारीचा एसीही याच नियमावर चालतो. फरक एवढाच की माठातली वाफ हवेत विरून जाते, तर एसीतला द्रव एका बंद नळीजाळ्यात पुन्हा पुन्हा वायू आणि पुन्हा पुन्हा द्रव होत राहतो. या पदार्थाला शीतक म्हणतात; गॅरेजच्या भाषेत तोच 'गॅस'. गेल्या दोन-अडीच दशकांतील बहुतेक भारतीय मोटारींत आर-१३४ए हे शीतक आहे. साध्या वातावरणीय दाबाखाली ते शून्याखाली सुमारे २६ अंश सेल्सिअसला उकळते, मात्र दाब वाढवत गेल्यास त्याचा उत्कलनबिंदूही वर सरकतो, आणि या एका गुणधर्मावर संपूर्ण यंत्रणा उभी आहे.

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर हा या यंत्रणेचा पंप होय. तो वायुरूप शीतक दाबून गरम करतो आणि गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सर नावाच्या जाळीत ढकलतो. तेथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन शीतक द्रवरूप होते. मग ते ओलावा आणि कचरा टिपून घेणाऱ्या ड्रायरमधून एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी पोहोचते. या झडपेच्या अरुंद तोंडातून बाहेर पडताच त्याचा दाब एकदम घसरतो आणि डॅशबोर्डच्या आत दडलेल्या कूलिंग कॉइलमध्ये ते उकळू लागते. कॉइलवरून ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, हवा खेळवतो. त्या हवेतील उष्णता घेऊन शीतक पुन्हा वायू होते आणि कॉम्प्रेसरकडे परत येते. ही फेरी गाडी चालू असेपर्यंत अखंड चालते. तीत शीतक जळत नाही, झिजत नाही आणि यंत्रणा शाबूत असेल तर ते संपण्याचे कारणही नसते.

उन्हाळ्याचा घाव नेमका कोठे बसतो, हे काही आकड्यांवरून समजते. दाब मोजण्याचे गॅरेजमध्ये रूढ असलेले एकक पीएसआय, म्हणजे एका चौरस इंचावर पडणारे पौंडातले वजन, हे आहे. कूलिंग कॉइलमध्ये दाब सुमारे २८ ते ३० पीएसआय असला की आर-१३४ए शून्य अंशाच्या आसपास उकळते, आणि कंडेन्सरमध्ये तेच शीतक ६० अंशांना द्रवरूप व्हायचे असेल तर दाब सुमारे २३० पीएसआयपर्यंत न्यावा लागतो. बाहेरची हवा २० अंशांची असेल तर ६० अंशांचे शीतक आणि हवा यांच्यात ४० अंशांचा भरघोस फरक राहतो, पण हवाच ४२ अंशांची झाली की तो फरक १८ अंशांवर येतो. उष्णता नेहमी तापमानाच्या उतारावरून वाहते आणि उतार जितका कमी तितकी ती संथ वाहते. म्हणूनच जानेवारीत लक्षातही न येणारी कंडेन्सरवरची धूळ किंवा मंदावलेला पंखा एप्रिलमध्ये एसी निकामी झाल्यासारखा भास निर्माण करतो. जुन्या गाडीचा दोष बहुधा उन्हाळ्याच्या आधीपासून असतो. उन्हाळा तो फक्त उघडा पाडतो.

आतल्या हवेची तपासणी

उष्णतेच्या वाटेवरून क्रमाने चालत गेल्यास तपासणी स्वस्त कारणांपासून महाग कारणांकडे जाते, आणि हाच क्रम मालकाच्या हिताचा असतो. पहिला मुक्काम आतल्या हवेचा. ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवूनही झरोक्यांतून हवा मंद येत असेल, पण जी येते ती चांगली गार असेल, तर दोष शीतकात नसून हवेच्या मार्गात आहे. ज्या गाड्यांत केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा कागदी पडदा, असतो त्यांत तो बहुधा सामानाच्या कप्प्यामागे सापडतो आणि काही मिनिटांत बदलता येतो. अनेक जुन्या छोट्या गाड्यांत मात्र असा फिल्टर नव्हताच. तेथे रस्त्यावरची धूळ, पानांचा चुरा आणि आसनांचे तंतू थेट कूलिंग कॉइलच्या ओलसर पापुद्र्यांवर बसत जातात आणि काही वर्षांत त्यांचा नमद्यासारखा थर तयार होतो. अवजड मालमोटारींची सततची ये-जा आणि जागोजागी चाललेली बांधकामे असलेल्या या पट्ट्यात तो थर अधिक लवकर साचतो. कॉइल स्वच्छ करण्यासाठी काही गाड्यांत डॅशबोर्डचा काही भाग उतरवावा लागतो, म्हणून हे काम टाळले जाते. परंतु कॉइल कोंदलेली असताना गॅस कितीही योग्य प्रमाणात असला तरी हवेतली उष्णता घेण्यासाठी पृष्ठभागच उरत नाही.

हवेचा मार्ग अडण्याचा आणखी एक प्रकार आहे. एसी सुरुवातीला उत्तम चालतो, अर्ध्या-पाऊण तासाने झरोक्यांतली हवा कमी कमी होत जाते, आणि एसी दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू केल्यास सारे पूर्ववत होते. या लक्षणाचा अर्थ कूलिंग कॉइलवर बर्फ जमतो आहे असा होतो. हवेतील बाष्प कॉइलवर पाणी होऊन जमणे स्वाभाविक आहे आणि गाडीखाली ठिबकणारे स्वच्छ पाणी हे एसी निरोगी असल्याचे लक्षण आहे. परंतु कॉइलचे तापमान गोठणबिंदूच्या खाली जाऊ लागताच कॉम्प्रेसर थांबवणारा संवेदक बिघडला, तर तेच पाणी गोठून हवेची वाट बंद करते. येथेही गॅस भरण्याने काही साधत नाही. बदलावा लागतो तो एक लहानसा संवेदक. पाणी गाडीखाली न ठिबकता आत पायाशी येऊ लागले, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे असे समजावे.

त्याच डॅशबोर्डच्या आत हीटरही असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. इंजिनाचे गरम पाणी हीटरच्या छोट्या जाळीतून फिरते, आणि हवा तिच्यावरून जाऊ द्यायची की नाही हे एक झडप ठरवते. जुन्या गाड्यांत ही झडप तारेने हलते. तार सैल झाली किंवा झडपेच्या कडेचा स्पंज झडला, तर कॉइलवर गार झालेली हवा हीटरवर पुन्हा तापते. गाडी बराच वेळ चालल्यावर, म्हणजे इंजिनाचे पाणी पूर्ण तापल्यावर, एसी क्षीण होत असेल तर कॉम्प्रेसरवर आरोप ठेवण्यापूर्वी ही झडप पूर्ण बंद होते का, ते पाहणे शहाणपणाचे ठरते.

कंडेन्सर आणि त्याचा पंखा

निदानाचे सर्वांत सोपे आणि सर्वांत बोलके लक्षण वेगाशी जोडलेले आहे. निगडीहून द्रुतगती मार्गावर लागताच एसी गारठा देतो आणि चाकणच्या कोंडीत थांबताच कोमट हवा फेकतो, असे होत असेल तर यंत्रणेला बाहेरचा वारा कमी पडतो आहे, हे जवळजवळ निश्चित मानावे. वेगात असताना समोरून येणारा वारा कंडेन्सरमधून आपोआप जातो, तर उभ्या गाडीत तो संपूर्णपणे विजेच्या पंख्यावर अवलंबून असतो. या पंख्याची मोटर झिजून मंद फिरत असेल, दोन गतींपैकी मोठी गती रिले किंवा रोधक जळाल्याने बंद पडली असेल, अर्थिंगची तार गंजली असेल किंवा अल्टरनेटर कमी वीज देत असेल, तर पंखा फिरताना दिसतो, पण पुरेसा वारा देत नाही. एसी सुरू करताच पंखा जोमाने सुरू झाला पाहिजे. तसे होत नसेल तर दुरुस्तीची सुरुवात तेथूनच करावी.

पंखा ठीक असेल तर पाळी कंडेन्सरच्या जाळीची. तिच्या बारीक पापुद्र्यांत किडे, चिखल आणि धूळ अडकते, आणि ती वरून स्वच्छ दिसली तरी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या अरुंद फटीत कचऱ्याची गादी तयार झालेली असू शकते. ही जाळी हलक्या धारेच्या पाण्याने, शक्य असेल तर आतून बाहेरच्या दिशेने धुवावी. वॉशिंग सेंटरमधल्या जोरकस फवाऱ्याने पातळ पापुद्रे आडवे होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. त्या वेळी स्वच्छतेचा हा उपाय मूळ दोषापेक्षा घातक ठरतो. रेडिएटर नेमका कंडेन्सरच्या मागे असल्याने इंजिनाचे तापमान वाढण्याचा दोषही एसीवर उमटतो, कारण अनेक गाड्यांत इंजिन प्रमाणाबाहेर तापू लागताच त्याला वाचवण्यासाठी कॉम्प्रेसर बंद केला जातो. उन्हाळ्यात एसी मधूनच गप्प होत असेल तर तापमानाच्या काट्याकडेही नजर असावी.

गॅस कमी का झाला?

हवेच्या दोन्ही वाटा मोकळ्या असूनही गारठा येत नसेल, तेव्हाच शीतकाचा विचार करणे योग्य. वर सांगितल्याप्रमाणे शीतक वापरले जाऊन संपत नाही, मात्र जुन्या गाडीत ते निसटते. नळ्यांच्या सांध्यांतली ओ-रिंग नावाची रबरी कडी कडक होते, रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडे थोडे शीतक पाझरते, कंडेन्सरवर दगडाचा बारीक घाव बसतो, कूलिंग कॉइल गंजते किंवा कॉम्प्रेसरच्या दांड्यावरचे सील झिजते. वर्षानुवर्षे अत्यल्प घट होणे हे वयोमानाचे लक्षण मानता येईल. पण मार्चमध्ये भरलेला गॅस मेमध्ये पुन्हा कमी पडत असेल, तर यंत्रणेला भोक आहे आणि ते शोधल्याशिवाय पुन्हा गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतण्यासारखे आहे.

गळती शोधण्याची साधने अवघड नाहीत. शीतकाबरोबर कॉम्प्रेसरचे वंगण तेलही फिरत असल्यामुळे गळतीच्या जागी तेलकट, धुळीने माखलेला डाग दिसतो, आणि लक्षपूर्वक केलेली नुसती पाहणीही अनेकदा पुरेशी ठरते. त्यापुढे कोरडा नायट्रोजन दाबाने भरून सांध्यांवर साबणाचा फेस लावणे, अतिनील प्रकाशात चमकणारा रंग यंत्रणेत सोडणे किंवा विजेवर चालणारे गळतीशोधक फिरवणे या पद्धती आहेत. गळती बुजवण्याचा दावा करणारी रसायने मात्र यंत्रणेत कधीही घालू नयेत, कारण ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद तोंडात गोठू शकतात आणि गॅरेजच्या यंत्रांनाही निकामी करू शकतात.

दाबमापक जोडून 'गॅस कमी आहे' असे सांगण्याच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. बंद यंत्रणेत थोडे जरी द्रवरूप शीतक शिल्लक असले, तरी तिचा स्थिर दाब शीतक किती आहे यावर नव्हे तर तापमान किती आहे यावर ठरतो : ३० अंशांना तो सुमारे ९७ पीएसआय असतो आणि ४० अंशांना सुमारे १३३, मग आत शंभर ग्रॅम शीतक असो वा पाचशे. म्हणूनच शीतक दाबाच्या अंदाजाने न भरता वजनाने भरावे. त्याचे अचूक वजन बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या चिठ्ठीवर ग्रॅममध्ये छापलेले असते आणि छोट्या गाडीसाठी ते साधारण अर्ध्या किलोच्या आसपास असते. इतक्या थोड्या साठ्यात शंभर ग्रॅमची चूकही मोठी ठरते. 'जास्त गॅस म्हणजे जास्त गारठा' ही समजूत तर उलटी पडते : जादा शीतकामुळे कंडेन्सरमध्ये द्रव साठून उष्णता टाकण्याची जागा कमी होते, दाब चढतो, कॉम्प्रेसरवरचा भार वाढतो आणि नेमक्या भर दुपारी सुरक्षा स्विच यंत्रणा बंद करतो.

कॉम्प्रेसर बदलण्याआधी

कॉम्प्रेसर हा या यंत्रणेतला सर्वांत महाग भागांपैकी एक आहे आणि त्यामुळेच त्याच्यावरचा आरोप पुराव्याने सिद्ध झाला पाहिजे. जुन्या गाड्यांत कॉम्प्रेसरच्या तोंडाशी विद्युतचुंबकीय क्लच असतो. एसी सुरू करताच त्याची चकती चुंबकाने ओढली जाऊन पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. ही चकती आणि पुली यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही दशांशांएवढीच असावी लागते. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने ती वाढत जाते, आणि इंजिनाच्या धगीने चुंबकाचे वेटोळे तापले की त्याचा विद्युतरोध वाढून चुंबक दुबळा होतो. मग थंड इंजिनावर उत्तम चालणारा एसी वीस-पंचवीस मिनिटांनी अचानक बंद पडतो आणि गाडी निवल्यावर पुन्हा चालू होतो. अनेक क्लचमध्ये ही फट आतल्या पातळ चकत्या कमी करून पुन्हा नेमकी करता येते, आणि तसे होत असेल तर नवा कॉम्प्रेसर घेण्याची गरजच उरत नाही. पट्टा सैल होऊन घसरणे हेही असेच स्वस्त कारण आहे.

कॉम्प्रेसर आतून झिजला असेल तर दाबमापकांवर वेगळे चित्र दिसते. सुस्थितीतल्या यंत्रणेत कमी दाबाची बाजू साधारण ३० ते ४० पीएसआय आणि जास्त दाबाची बाजू २०० पीएसआयच्या पुढे असते. कमी दाब चढलेला आणि जास्त दाब उतरलेला, म्हणजे दोन्ही काटे एकमेकांजवळ आलेले, असे दिसले तर पंप शीतक दाबू शकत नाही असा अर्थ होतो. दोन्ही दाब कमी असतील तर शीतक कमी असण्याची शक्यता असते. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सरमधून पुरेशी उष्णता जात नाही किंवा शीतक जादा झालेले असते. आणि कमी दाबाचा काटा शून्याकडे ओढला जात असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबल्याचा संशय घ्यावा. दोन काट्यांची ही सांगड वाचता येणे हेच एसीच्या कारागिराचे खरे कसब आहे. झिजलेल्या कॉम्प्रेसरमधला धातूचा चुरा नळ्यांतून पसरलेला असल्यास नवा कॉम्प्रेसरही थोड्याच दिवसांत जायबंदी होतो. आधुनिक कंडेन्सरच्या केसांसारख्या बारीक वाहिन्या धुऊन स्वच्छ होत नसल्याने अशा वेळी कंडेन्सर आणि ड्रायरही बदलणे भाग पडते.

योग्य दुरुस्तीची पद्धत

यंत्रणा एकदा उघडली की तिच्यात हवा आणि हवेतला ओलावा शिरतो, आणि हे दोन्ही तिचे शत्रू आहेत. हवा कंडेन्सरमध्ये द्रवरूप होत नाही, ती नुसती जागा अडवून दाब वाढवते. ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतो आणि तेल व शीतक यांच्यासोबत आम्ले तयार करून धातू कुरतडतो. म्हणून जुन्या ओ-रिंग आणि ड्रायर बदलून, योग्य प्रतीचे तेल मोजून घालून, व्हॅक्यूम पंपाने यंत्रणा निर्वात करणे अत्यावश्यक आहे. निर्वात केल्याने हवा तर निघतेच. शिवाय दाब अतिशय कमी झाल्यामुळे पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफेच्या रूपाने बाहेर ओढले जाते. त्यासाठी किमान अर्धा तास पंप चालला पाहिजे, आणि पंप बंद केल्यावर काटा काही काळ जागेवर स्थिर राहिला पाहिजे. तो हलू लागला तर गळती अजून शिल्लक आहे. दहा मिनिटांत गॅस भरून देण्याच्या घाईत हाच टप्पा वगळला जातो आणि त्याची किंमत मालक पुढच्या उन्हाळ्यात मोजतो.

काम झाल्यावर त्याची पारख करण्यासाठी मधल्या झरोक्यात साधा तापमापक ठेवावा, आतलीच हवा फिरवण्याची सोय चालू करावी आणि इंजिन थोड्या वाढीव गतीवर काही मिनिटे चालू द्यावे. बाहेर ३५ ते ४० अंश असताना झरोक्यातली हवा साधारण ६ ते १२ अंशांपर्यंत उतरली तर दुरुस्ती यशस्वी झाली असे म्हणता येते. हीच गाडी घाट उतरून पनवेल किंवा मुंबईकडे गेली की थोडी कमी गार वाटते, आणि त्यात दोष नसतो : किनाऱ्यावरची हवा दमट असल्यामुळे एसीच्या शक्तीचा मोठा वाटा बाष्पाचे पाणी करण्यात खर्च होतो, तर पिंपरीतल्या एप्रिलच्या कोरड्या दुपारी जवळजवळ सारी शक्ती हवा गार करण्याकडे लागते.

शीतकाची जबाबदारी

शीतकाच्या निवडीमागे जागतिक इतिहास आहे. आधीच्या पिढीतल्या गाड्यांत आर-१२ हे शीतक असे. ते वातावरणातल्या ओझोनच्या थराचा नाश करते हे सिद्ध झाल्यावर १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात सहभागी झाला आणि त्यानंतर मोटारींत आर-१३४ए रूढ झाले. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, परंतु पृथ्वीचे तापमान वाढवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत सुमारे १,४०० पट आहे. म्हणजे छोट्या गाडीतले अर्धा किलो शीतक हवेत सोडून देणे हे सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे, अर्थात अंदाजे ३०० लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा शीतकांचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरवले आणि भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. जुना गॅस नळी सैल करून हवेत सोडण्याऐवजी यंत्राने परत काढून घेणारे गॅरेज निवडणे ही म्हणूनच वैयक्तिक आवडीची बाब उरत नाही. स्वस्तात मिळणारे स्वयंपाकाच्या गॅससारखे ज्वलनशील मिश्रण यंत्रणेत भरून घेणे तर सरळ जिवावर बेतू शकते, कारण गळकी कूलिंग कॉइल ते थेट प्रवाशांच्या बंद कक्षात सोडते.

भार हलका करण्याच्या सवयी

दुरुस्तीइतकेच महत्त्व सवयींनाही आहे. उन्हात तापलेल्या गाडीत बसताच काचा बंद करून एसी लावल्यास साठ अंशांकडे झुकलेली हवा गार करण्याचे काम त्याच्यावर पडते. त्याऐवजी पहिली दोन-तीन मिनिटे काचा उघड्या ठेवून गाडी चालवली, तर बाहेरची चाळीस-बेचाळीस अंशांची हवाच आतली उष्णता फुकट वाहून नेते. त्यानंतर काचा लावून आतलीच हवा फिरवावी, कारण तीस अंशांची हवा पुन्हा गार करणे बेचाळीस अंशांची हवा गार करण्यापेक्षा सोपे असते. लांबच्या प्रवासात मात्र गुंगी येऊ नये म्हणून अधूनमधून ताजी हवा घ्यावी. गाडी उभी करताना पुढच्या काचेवर परावर्तक पडदा लावणे अतिशय उपयोगी ठरते. काचांवर चिकटवण्याच्या काळ्या फिल्मचा मार्ग मात्र मोकळा नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या वापराला मनाई केली. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे शीतकाबरोबर फिरणारे तेल कॉम्प्रेसरच्या सीलला ओले ठेवते आणि ते सुकून गळती सुरू होण्याचा धोका कमी होतो. एसी कितीही चांगला असला तरी बंद गाडीत लहान मुलांना किंवा वृद्धांना क्षणभरही एकटे सोडू नये, कारण यंत्रणा थांबताच आतले तापमान काही मिनिटांत प्राणघातक पातळीकडे चढू लागते.

या पट्ट्यातल्या कारखान्यांत दोषाचे मूळ शोधण्यासाठी 'का' हा प्रश्न एकापाठोपाठ पाच वेळा विचारण्याची पद्धत गेली अनेक वर्षे रुळली आहे, आणि उत्पादनाच्या साखळीवर उभा राहणारा कामगार 'व्हाय-व्हाय' या नावाने ती चांगली ओळखतो. हवा गार का येत नाही? शीतक कमी आहे म्हणून. ते कमी का झाले? सांध्यातून गळले म्हणून. सांधा का गळला? ओ-रिंग कडक झाली म्हणून. ती वेळेत का बदलली नाही? मागच्या दोन्ही उन्हाळ्यांत गळती न शोधता नुसता गॅस भरला म्हणून. आणि गळती का शोधली नाही? पहिल्या उत्तरावरच सगळे थांबले म्हणून. यंत्रावर एका सदोष भागाचे मूळ सापडेपर्यंत जी शिस्त हा परिसर पाळतो, तीच शिस्त त्याने स्वतःच्या जुन्या गाडीच्या बॉनेटखाली पाळली, तर काही रुपयांच्या रबरी कडीसाठी हजारोंचा कॉम्प्रेसर बदलला जाणार नाही, ऐन उन्हाळ्यात दर वर्षी नवा गॅस हवेत जाणार नाही आणि साडेतीनच्या सुमारास पाळी संपवून तापलेल्या गाडीत बसणाऱ्या थकल्या माणसाला घरापर्यंतची वाट सुसह्य होईल.